सतरा सप्टेंबर कुणाचा?

दर महिन्याला आम्ही गटातल्या बाया रेडिओवर तुमच्याशी बोलतो. कधी बी-बियाणं, कधी बाळंतिणीचा आहार, कधी बँकेचं कर्ज. आज इतिहास सांगायचा आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, आज आमच्या बोलण्यात थोडा राग आहे. राग का आला ते आधी ऐका.

गेल्या वर्षी भाद्रपदात आमच्यातल्या दोघी पुण्याला गेल्या होत्या. एकीच्या सुनेचे दिवस भरत आले होते, म्हणून सोबतीला दुसरी. या दुसऱ्या आमच्या गटातल्या खाला. मुलगा भोसरीला कंपनीत कामाला. तो म्हणाला, "आई, आपल्या भागातल्या लोकांनी १७ सप्टेंबरचा कार्यक्रम ठेवलाय, खालाला घेऊन चल." दोघी हौसेनं गेल्या. परमुलखात आपल्या भागाचं नाव कुणी काढलं की जीव हरखतोच.

हॉल चांगला सजवलेला. दारात फेटे बांधायचं काम चाललेलं. नऊवारी नेसलेल्या, नथ घातलेल्या पोरी फोटो काढत होत्या. स्टेजवर पुढाऱ्यांचे मोठमोठे फोटो. स्वामी रामानंद तीर्थांचा फोटो एका कोपऱ्यात, हारामागं निम्मा झाकलेला. गाणी झाली, नाच झाला. मग भाषण. वक्ते तासभर बोलले. निजाम किती वाईट, रझाकार किती क्रूर, आणि बोलता बोलता निजाम, रझाकार आणि आज गावागावात राहणारा मुसलमान शेजारी, सगळे एकाच मापात. 'त्यांनी' आपल्यावर काय केलं, 'त्यांना' कसा धडा शिकवला. टाळ्या वाजल्या. खाला पदर डोक्यावर ओढून मान खाली घालून बसल्या होत्या. शेवटी जेवणात 'मराठवाडी थाळी' होती. पिठलं-भाकरी, ठेचा. ताटाला पैसे.

निघताना आमच्या बाईनं सूत्रसंचालन करणाऱ्या पोराला विचारलं, "बाळा, सतरा सप्टेंबरला नेमकं काय झालं होतं?" पोरगं हुशार, पण गोंधळलं. म्हणालं, "मावशी, आपल्याला स्वातंत्र्य मिळालं ना त्या दिवशी?" बाई म्हणाली, "मग पंधरा ऑगस्टला कुणाला मिळालं?" त्याला उत्तर देता आलं नाही.

दोघी परत आल्या आणि गटाच्या बैठकीत हे सांगितलं. आम्ही सगळ्याच चिडलो. दिवस आमचा, आणि त्यात आम्हीच कुठं नव्हतो. पण नुसतं चिडून काय होतं? म्हणून ठरवलं, हा दिवस आपणच नीट सांगायचा.

तर आता ऐका.

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला तेव्हा आपला बीड जिल्हा स्वतंत्र झाला नाही. आपण हैदराबाद संस्थानात होतो. निजाम मीर उस्मान अली खान यांचं राज्य. त्या राज्यात सोळा जिल्हे होते. आठ तेलुगू बोलणारे, तीन कानडी, आणि पाच मराठी: औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद. या पाचांचा मिळून मराठवाडा. पलीकडे नगर आणि सोलापूर जिल्हे इंग्रजांच्या राज्यात. म्हणजे आष्टीची लेक नगर जिल्ह्यात दिली तर ती दुसऱ्या राज्यात नांदायला जायची. सरहद्दीवर करोडगिरीचा नाका. नाक्यावर मालाची जकात द्यायची. इकडं चालायचा तो हाली शिक्का, तिकडं चालायचा तो कलदार रुपया. जुन्या बायांच्या बोलण्यात हे दोन शब्द आजही ऐकू येतात.

शाळा थोड्या, त्यातही वरचं शिक्षण उर्दूतून. सभा घ्यायची तर सरकारची परवानगी लागायची. १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेस निघाली, तर तिच्यावर लगेच बंदी आली. लोकांनी सत्याग्रह केला, तुरुंगात गेले. या लढ्याचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ. त्यांचं मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर. ते आधी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकवायचे, मग १९३५ मध्ये अंबाजोगाईला आले आणि तिथल्या शाळेचं काम त्यांनी हाती घेतलं. त्या वेळी अंबाजोगाईचं सरकारी नाव मोमिनाबाद होतं. मैत्रिणींनो, आपल्यातल्या कितीतरी जणींची बाळंतपणं अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात झाली. आपण त्याला 'स्वाराती' म्हणतो. स्वाराती म्हणजे स्वामी रामानंद तीर्थ. ज्या दारातून आपण लेकरू घेऊन बाहेर आलो, त्या दारावर या लढ्याचंच नाव आहे.

१९४७ चा ऑगस्ट आला. ७ ऑगस्टला हैदराबाद संस्थानात 'भारतात सामील व्हा' असा दिवस पाळला गेला. १५ ऑगस्टला स्वामीजींना अटक झाली. देशभर तिरंगा लागत होता आणि इथं तिरंगा लावणं गुन्हा होता. मग शिंदीची झाडं तोडणं सुरू झालं, कारण ताडी-शिंदीच्या करातून निजामाच्या खजिन्यात पैसा जायचा. करोडगिरी नाके जाळले गेले. सरहद्दीपलीकडे कार्यकर्त्यांचे कॅम्प उघडले. इकडं रझाकार. लातूरचा वकील कासिम रझवी त्यांचा म्होरक्या. त्यांनी गावं लुटली, जाळली, माणसं मारली, बायांची अब्रू घेतली. जुन्या बाया आजही काळ सांगताना 'रझाकारीत' म्हणतात. "माझं लगीन रझाकारीच्या आदल्या साली झालं," "थोरला रझाकारीत झाला." सन त्यांना ठाऊक नसतो, पण ते दिवस त्या विसरलेल्या नाहीत.

२९ नोव्हेंबर १९४७ ला भारत सरकार आणि निजाम यांच्यात 'जैसे थे' करार झाला. एक वर्षाचा. पण अत्याचार थांबले नाहीत. शेवटी १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज संस्थानात शिरली. मुख्य फौज सोलापूरकडून आली, तिचे प्रमुख मेजर जनरल चौधरी. लोक याला 'पोलीस अ‍ॅक्शन' म्हणतात. पाच दिवसांत सगळं आटोपलं. १७ सप्टेंबर १९४८, शुक्रवार. त्या दिवशी निजामानं रेडिओवरून शरणागती जाहीर केली. १५ ऑगस्ट १९४७ हाही शुक्रवारच होता. मध्ये किती दिवस गेले? ३९९. तेरा महिने दोन दिवस आपण देशाच्या मागं राहिलो. त्या पोराला उत्तर द्यायचं होतं ते हे.

आता यात बाया कुठं होत्या?

भाषणात ऐकलं तर वाटतं, बाया फक्त रडायला होत्या. तसं नव्हतं. आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यात, बदनापूर तालुक्यात धोपटेश्वर नावाचं गाव आहे. तिथल्या दगडाबाई शेळके. शेतकऱ्याघरची बाई. हत्यार चालवायला शिकल्या आणि रझाकारांविरुद्धच्या लढ्यात उतरल्या. त्यांचं नाव निदान घेतलं तरी जातं. पण ज्यांचं नाव कुठं लिहिलं गेलं नाही अशा कितीतरी जणी. भूमिगत कार्यकर्ता रात्री दाराशी आला तर चूल पेटवून भाकरी कुणी टाकली? धुराड्यातून धूर दिसू नये म्हणून पहाटेच्या आत स्वयंपाक कुणी उरकला? कुणबाऊ पाटीखाली चिठ्ठी ठेवून ती पलीकडच्या गावी कुणी पोचवली? पुरुष रानोमाळ झाले तेव्हा जनावरं, लेकरं, म्हातारी माणसं कुणी सांभाळली? ज्याच्या घरी कार्यकर्ता सापडला त्याचं घर जळायचं, आणि जळणारं घर बाईच्याच हातचं सारवलेलं असायचं.

स्टेजवर नथ घालून उभं राहिलेल्या पोरींवर आमचा राग नाही. नऊवारी आम्हीही नेसतो. पण नऊवारीतल्या त्या बायांनी केलेलं काम बाजूला ठेवून नुसती नऊवारीच तेवढी पुढं आणली, याचा राग आहे.

आता दुसरी गोष्ट. ती सांगायला अवघड आहे, पण खाला आमच्यासोबत बसल्या आहेत आणि त्यांनी सांगा म्हटलं आहे.

१७ सप्टेंबरनंतर काय झालं, हे भाषणात कुणी सांगत नाही. रझाकार हरले. त्यानंतर काही आठवडे संस्थानात बऱ्याच ठिकाणी मुसलमान वस्त्यांवर सूड उगवला गेला. त्यात रझाकार होते तसे रझाकारांशी काही देणंघेणं नसलेले विणकर, कुळं, मजूर, त्यांच्या बायका-पोरीही होत्या. याची चौकशी करायला भारत सरकारनंच पंडित सुंदरलाल यांना पाठवलं. १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ते आणि काझी अब्दुल गफ्फार गावोगाव फिरले. सगळ्यात जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत त्यांनी आपल्या मराठवाड्यातले उस्मानाबाद आणि नांदेड हे जिल्हे सांगितले. मेलेल्या माणसांचा त्यांचा अंदाज २७ ते ४० हजारांचा. हा अहवाल कितीतरी वर्षं लोकांसमोर आला नाही. त्याच अहवालात आणखी एक गोष्ट लिहिली आहे: जिवाची पर्वा न करता मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणारे हिंदूही ठिकठिकाणी भेटले. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवलं.

खालांची नानी त्या वेळी नवी नवरी होती. ती सांगायची, "रझाकार आले तेव्हा आमच्या ह्यांनी शेजारच्या पाटलाच्या बायका आमच्या घरात लपवल्या. पोलीस अ‍ॅक्शन झाल्यावर पाटलिणीनं आम्हाला आपल्या कणगीमागं लपवलं." दोन घरं, दोन वेळा, एकच गोष्ट. आता सांगा, त्या हॉलमध्ये बसलेल्या खालांनी कुणाच्या बाजूनं टाळी वाजवायची? ज्या दिवशी त्यांच्या नानीच्या घरात शेजारणी लपल्या आणि शेजारणीच्या घरात नानी लपली, तो दिवस त्यांचाही नाही का?

रझाकारांचा जुलूम खरा. नंतरचा सूडही खरा. दोन्ही सांगितल्याशिवाय सतरा सप्टेंबर पुरा होत नाही. लांबच्या हॉलमध्ये एकच बाजू सांगणं सोपं जातं, कारण सांगणाऱ्याला दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीतून पाण्याला जायचं नसतं. आम्हाला जायचं असतं.

हे फक्त पुण्यातच होतं असं नाही. निजामाच्या राज्याचे तीन तुकडे झाले आणि एकाच दिवसाला तीन राज्यांत वेगवेगळी नावं पडली. आपल्याकडं 'मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन'. छत्रपती संभाजीनगरला सिद्धार्थ उद्यानातल्या स्मृतिस्तंभापाशी मुख्यमंत्री झेंडा लावतात. कर्नाटकात गुलबर्गा, बिदर, रायचूर या भागात हा 'हैदराबाद-कर्नाटक विमोचन दिन' होता. २०१९ मध्ये त्या भागाचं नाव कल्याण कर्नाटक झालं आणि दिवसाचं नावही बदलून 'कल्याण कर्नाटक उत्सव' झालं. तेलंगणात तर दर सरकारागणिक नाव वेगळं. २०२२ मध्ये केंद्र सरकारनं तिथं 'हैदराबाद मुक्ती दिन' केला आणि त्याच दिवशी, त्याच शहरात, राज्य सरकारनं 'राष्ट्रीय एकात्मता दिन' केला. मग नवं राज्य सरकार आलं, त्यांनी २०२४ मध्ये 'प्रजापालन दिन' म्हटलं. तेव्हाची माणसं एका राज्यात राहायची, एकाच रेडिओवर एकच बातमी त्यांनी ऐकली. आज नाव काय ठेवायचं यावर भांडण आहे. ज्याला जो अर्थ हवा, तो तो काढतो. पण नाव ठेवताना त्या वेळच्या म्हाताऱ्या बाईला कुणी विचारलं, असं काही आम्ही ऐकलं नाही.

हे आपल्याच देशात होतं असंही नाही. युरोपात आयर्लंड नावाचा छोटा देश आहे. आपल्यासारखाच तोही इंग्रजांच्या ताब्यात होता. तिथल्या एका संताचा, सेंट पॅट्रिक यांचा दिवस १७ मार्चला असतो. घरी तो देवळात जायचा, कुटुंबानं एकत्र बसायचा दिवस. पण अमेरिकेत गेलेले आयरिश लोक त्या दिवशी मोठ्या मिरवणुका काढतात. शिकागो शहरात १९६२ पासून त्या दिवसानिमित्त नदीच हिरवी रंगवतात. हिरवे कपडे, हिरव्या टोप्या, दारू. आयर्लंडमधल्या माणसाला हे पाहून कधीकधी चीड येते, की आमच्या देशाचं नाव घेऊन हे काय चाललंय. आमच्या बाईला पुण्याच्या हॉलमध्ये वाटलं ते काही फार वेगळं नाही.

पण तिथलीही दुसरी बाजू आहे. आयर्लंडमधून लोक हौसेनं नाही गेले. १८४५ नंतर तिथं बटाट्याचं पीक कुजलं, दुष्काळ पडला. दहा लाखांच्या आसपास माणसं मेली आणि तितकीच देश सोडून गेली. अमेरिकेत त्यांना हलक्या कामाची माणसं म्हणून हिणवलं जायचं. मिरवणूक काढून ते सांगत होते, आम्हीही आहोत, आम्हालाही घर आहे.

हे कळलं तेव्हा आमचा राग निम्मा उतरला. कारण दुष्काळानं गाव सोडणं म्हणजे काय, हे बीडच्या बाईला कुणी शिकवायला नको. १९७२ चा दुष्काळ आपल्या आया-सासवांनी काढला, खडी फोडून. आजही दसरा-दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातली गावंच्या गावं ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल घेतलेली असते, तिच्या ओझ्याखाली सहा महिने कोपीत राहायचं. आपला २६ जानेवारी फडात जातो. तिथं आपण आपली संक्रांत करतो, पण कशी? ऊस तोडता तोडता, पाटाच्या कडेला, शेजारच्या कोपीतल्या बाईला तीळ देऊन. कुणी बघितलं तर म्हणेल, ही कसली संक्रांत? पण ती आपली असते. म्हणून भोसरीच्या, चाकणच्या कंपनीत दहा-बारा तास उभं राहणाऱ्या आपल्या पोरांनी एक दिवस फेटा बांधून 'आम्ही मराठवाड्याचे' म्हटलं, तर त्यांना नावं ठेवायची नाहीत. पुण्यात 'मराठवाड्याचा' म्हटलं की 'मागास' असा अर्थ काढणारे त्यांना रोज भेटतात. त्यांना तो फेटा लागतो. पण फेट्याच्या आत काय बांधायचं, हे आपण त्यांना द्यायला हवं होतं. आपण दिलं नाही.

आणि इथं आपल्या पदरी पण दोष येतो, मैत्रिणींनो. आपल्या गावात १७ सप्टेंबरला काय होतं? शाळेत झेंडा लागतो. पोरांना गोळ्या-बिस्किटं मिळतात. दहा वाजता सगळं उरकतं. आपल्यातल्या किती जणी त्या वेळी शाळेत जातात? आपण गौरी-गणपतीच्या गडबडीत असतो किंवा सोयाबीनच्या रानात. १ मे आला की आपण म्हणतो महाराष्ट्र दिन. तो कामगार दिनही आहे आणि आपण कोयता चालवणाऱ्या कामगार आहोत, हे आपल्याला आठवत नाही. महाराष्ट्र दिनाचंही तसंच. १७ सप्टेंबर १९४८ नंतर आपण लगेच महाराष्ट्रात आलो नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होतो, मग मुंबईच्या द्विभाषिक राज्यात, आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. आपली एकेक आजी गाव न सोडता चार राज्यांत नांदली: निजामाचं, हैदराबादचं, मुंबईचं आणि महाराष्ट्राचं. तिचं अंगण तेच होतं. हे आपण आपल्याच नातवंडांना कधी सांगितलं?

म्हणून आमच्या गटानं एक साधी गोष्ट सुरू केली आहे. ती तुम्हीही करा असं सांगायला आज आलो.

ज्या म्हाताऱ्यांना रझाकारी आठवते त्या आता नव्वदीच्या आसपास आहेत. थोड्याच उरल्यात. आम्ही त्यांच्याकडं जातो. हातात मोबाईल असतो, पण लगेच काढत नाही. आधी चहा होतो, पाय चेपणं होतं. मग विचारतो: त्या वेळी तुम्ही कुठं होता? घरात काय शिजलं होतं? कुणाकडं लपला? तुमच्याकडं कोण लपलं? हाली रुपया कसा दिसायचा? नंतर काय झालं? हिंदू आजीला विचारतो, मुसलमान नानीला विचारतो, महारवाड्यातल्या, तांड्यावरच्या आजीलाही विचारतो. एक सांगते ते दुसरीच्या सांगण्याशी जुळतं का तेही बघतो, कारण म्हातारपणी आठवण सरमिसळ होते. जिला नाव सांगायचं नाही तिचं नाव लिहीत नाही. जिला सांगायचंच नाही तिला छेडत नाही. एक आजी तासभर गप्प बसली आणि शेवटी म्हणाली, "जाऊ द्या, बायांनो." तेही आम्ही वहीत लिहिलं.

आतापर्यंत आमच्या वहीत अकरा जणींचं बोलणं झालं आहे. यंदा १७ सप्टेंबरला झेंड्यानंतर शाळेतल्या पोरांसमोर त्यातलं थोडं वाचायचं ठरवलं आहे. खाला त्यांच्या नानीची गोष्ट स्वतः सांगणार आहेत. पाटलांची नातसूनही येते म्हणाली आहे.

आणि पुण्याच्या त्या पोरालाही वहीचे फोटो पाठवलेत. त्यानं फोन केला होता. म्हणाला, "मावशी, यंदाच्या कार्यक्रमात हे वाचू का?" आम्ही म्हटलं, "वाच. पण आधी खालांना विचार. आणि थाळीचे पैसे घेणार असशील तर आमच्या आजींची नावं घेऊ नकोस." हसला. म्हणाला, "घेणार नाही."

बघू, काय करतो ते. पुढच्या वेळी सांगू. तोवर तुमच्या गावातल्या आजीकडं एकदा जाऊन या. पावसाळ्यात त्यांचे गुडघे दुखतात, तेल घेऊन जा.